ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली

माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला घरात सगळे ‘वरखाली’ म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, म्हणून हे नाव. त्याची बायको म्हणते, धंद्याचा काही संबंध नाही, ह्यांचा पाराच तसा चढतो-उतरतो. कुणाच्या घरी जेवायला बसला आणि भिंतीपलीकडे लिफ्ट चालली, की हा घास हातात तसाच धरून ऐकत राहतो. मग म्हणतो, “काका, हिचा ब्रेक बोंबलणार बघा.” आणि बोंबलतो!

त्याच्या धंद्यात एक नियम आहे. लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून चालते, तिच्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. कुलपाला आपल्या नावाचा पत्रा. मग ते कुलूप ज्यानं घातलं त्यानंच काढायचं. इतर कुणी, अगदी मालकानंही, हात लावायचा नाही, कारण आत माणूस असतो. त्याच्या उस्तादाचा डावा हात कोपरापर्यंतच होता, त्यामुळे नियम कुठून आला हे पोरांना विचारावं लागत नसे. एकदा तर वरखाली काम आटपून घरी आला आणि कुलूप तिथंच राहिलं. इमारतीचा रखवालदार फोनवर गयावया करतोय, “साहेब, तोडू का?” हा ओरडतोय, “हात लावाल तर बघा!” हा उलटा तिकडे पोचेपर्यंत अख्खी इमारत जिने चढत होती. सातव्या मजल्यावरचे जाडजूड वकीलसाहेब अजून ह्याला बघून तोंड फिरवतात.

तर सांगत होतो आमच्या आक्काचं. आक्का माझी थोरली बहीण, वरखालीची आत्या. थोरला भाऊ आणि वहिनी पाठोपाठ गेले तेव्हा हे पोर तिनंच पदरात घेतलं. लग्न केलं नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात जन्म काढला, वाफेत उभं राहून चादरींना इस्त्री केली. आता गुडघे गेले, हात कापतात, रक्तात साखर. राहते दुसऱ्या माडीवर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

माझी लेक परदेशात असते. तिनं व्हिडिओ कॉलवर विषय काढला. “आत्याला आता एकटं ठेवायचं नाही. चांगला वृद्धाश्रम बघू. नर्स असतात, डॉक्टर असतात.”

आक्का म्हणाली, “त्यांच्या चादरी आमच्याकडेच धुवायला यायच्या. कोपऱ्यावर खाटेचा नंबर लिहिलेला. माणूस बदलायचं, नंबर तोच. मला नाही त्या नंबरावर निजायचं.”

वरखाली म्हणाला, “थंडी संपेपर्यंत मला वेळ द्या. मी बसवतो सगळं.”

आणि बसवलं की हो! सगळ्यांच्या फोनवर एकच कॅलेंडर. सकाळची पाळी, संध्याकाळची पाळी, साखर मोजणं, इंजेक्शन, आंघोळीला मदत. साखरेच्या आकड्याचा फोटो डॉक्टरांना जायचा, डॉक्टर तिकडून सांगायचे. लेक परदेशातून गोळ्या मागवायची, त्या दारात यायच्या. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, मलाही पाळी दिली. फोनवर बोट कुठं दाबायचं ते वरखालीच्या बायकोनं, आमच्या सूनबाईनं, शिकवलं. पहिल्याच दिवशी मी आक्काची आंघोळ पुढल्या वर्षावर ढकलली.

नियम वरखालीचाच. ज्यानं पाळी घेतली त्याचं नाव त्यावर. ‘झालं’ हे त्यानंच दाबायचं. दुसऱ्यानं त्यात लुडबुड करायची नाही, नाहीतर इंजेक्शन दोनदा दिलं जाईल. वेळ टळली की रकाना सगळ्यांच्या फोनवर लाल.

“ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली,” तो म्हणाला.

“मी काय लिफ्ट आहे का रे?” आक्का म्हणाली. पण मनातून खूश होती. थंडी अर्धी सरली आणि एकही रकाना लाल झाला नाही.

एका संध्याकाळी सूनबाईची पाळी होती. निघाली, आणि कोपऱ्यावर तिची स्कूटर घसरली. मनगट मोडलं, फोनचा चुरा झाला. लोकांनी तिला उचलून इस्पितळात नेलं. आम्हाला कुणालाच पत्ता नाही.

रकाना लाल झाला. मी पाहिला. म्हटलं, पोचली असेल, दाबायची विसरली असेल. लेकीनं तिकडून पाहिला, ग्रुपवर लिहिलं, ‘वहिनी?’ आणि वाट बघत बसली. वरखाली एका विहिरीच्या टोकावर होता, त्यानंही पाहिला. त्यावर नाव होतं ना! दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हे आम्ही आता अंगात मुरवलं होतं.

इकडे आक्कानं वाट पाहिली, पाहिली, आणि स्वतःच उठली. बादली उचलताना न्हाणीघरात पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. नळ सुरूच राहिला आणि ती ओल्या फरशीवर पडून. खालचा बेकरीवाला मागाहून सांगत होता, “पाण्याचा आवाज येत होता हो. मला वाटलं, कुणीतरी आंघोळ घालतंय आजींना.”

काम संपवून घरी जाताना वरखालीनं आक्काच्या इमारतीखालून वर पाहिलं. खिडकीत दिवा नव्हता. मग मात्र तो धावला. दार उघडलं तेव्हा आक्काचे ओठ निळे पडले होते. त्याला बघून म्हणाली, “आधी नळ बंद कर. केवढं पाणी गेलं.”

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा आम्ही खाटेभोवती होतो, सूनबाई प्लास्टरमधला हात गळ्यातल्या झोळीत अडकवून, आणि लेक फोनच्या काचेत.

“दादा, आता पुरे,” लेक म्हणाली. “तिथं जागा आहे. मी विचारून ठेवलंय.”

वरखाली खाली बघत म्हणाला, “ठीक आहे.” एवढंच. त्याचा चढलेला पारा मी शंभरदा पाहिलाय, पण इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

आक्कानं हात पुढे केला. “फोन दे इकडं.” मग काचेत बघून विचारलं, “पोरी, तुला ते लाल दिसलं होतं?”

“दिसलं होतं, आत्या.”

“मग?”

“वहिनीचं नाव होतं त्याच्यावर.”

“आणि तुला रे?” हे मला.

“दिसलं होतं, आक्का.”

वरखालीला तिनं विचारलंच नाही. म्हणाली, “म्हणजे मी एकटी नव्हते. तिघं बघत होतात.”

सूनबाई रडायला लागली. वरखाली खाटेच्या कडेला टेकला आणि म्हणाला, “आत्या, विहिरीत माणूस असतो म्हणून आम्ही बाहेरच्यांना अडवतो. इथं आत तू होतीस, आणि मी सगळ्यांनाच अडवून ठेवलं.”

“मग सोड आता,” आक्का म्हणाली. “नाव लिहा, नका लिहू. ज्याला दिसेल त्यानं यावं. इंजेक्शन झालंय का नाही ते मला विचारा, माझी जीभ शाबूत आहे. आणि माणसं कमी पडली तर मी आपण होऊन म्हणेन, न्या मला तिकडं. पण ते मी म्हणणार. कळलं?”

लेकीनं डोळे पुसले. “बरं, आत्या. पण खालच्या बेकरीवाल्याकडं एक किल्ली ठेवायची. ही माझी अट.”

आक्का घरी आली. वॉकर धरून खोलीत फिरू लागली. परवाच सकाळी वरखाली एका इमारतीत अडकला आणि रकाना लाल झाला. मी चपला उलट्या घालून पळालो. धापा टाकत वर पोचतो तर प्लास्टरमधला हात सांभाळत सूनबाई हजर, पिठाच्या हातांनी बेकरीवाला हजर, आणि तिघांचेही फोन एकामागून एक वाजतायत, कारण परदेशातून लेक एकेकाला उठवतेय.

आक्का पलंगावर बसून आमच्याकडे पाहत होती. “मेले नाहीये मी. एक जण थांबा, बाकीचे चालते व्हा.”

आता कुणी थांबायचं, यावर आमची दारातच जुंपली.