कानबाईच्या रोटाचा एक घास

धरणगावात माझे पुष्कळ भाऊ आहेत. मी राजापूरचा, आईबापांचा एकुलता एक.

सातवीनंतर माझी शाळा सुटली (शाळेनंही फारसं धरून ठेवलं नाही) आणि मी जळगावला आत्याकडे आलो. तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, गिरणीतली वायरमनची नोकरी सोडून घरोघरी वीज बसवून देण्याचा धंदा काढला होता. दारावर पाटी लागली. लोक पाटी वाचायला थांबत, आत कोणी येत नसे. दिवाळीपर्यंत कामं मिळाली नाहीत तर काका परत गिरणीत आणि मी परत राजापूरला, असं ठरलं होतं. आत्या प्रेमानं वाढायची आणि मी प्रत्येक भाकरी मोजत खायचो. हिच्या बदल्यात एक तरी गिऱ्हाईक आणायला हवं, हेच डोक्यात.

त्या साली धरणगावला विजेचे खांब पोचले होते. तिथले मोठे कापूसवाले शेतकरी नाना, त्यांच्याकडे श्रावणात कानबाई, ही खानदेशातली देवी, बसायची होती. कानबाईला सगळे भाऊबंद एका घरी जमतात, असं कानावर आलं आणि मला आयुष्यातली एकमेव कल्पना सुचली.

"काका, नानांकडे देवीपुढे एक दिवा फुकट लावू. भाऊबंद बघतील, मग प्रत्येकाला आपल्या घरी हवा."

काकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. (तेवढंच एकदा.)

दिवा लागला. नानांच्या आईनं, अक्कानं, कानबाईला हात जोडले आणि मग बल्बलाही.

"मना घर बी लाव रे भो," एक भाऊबंद म्हणाला.

"आन मना घर?"

काका सगळ्यांना हो, हो म्हणत घरं बघायला गल्लीत धावले. मी मागे राहिलो, आनंदानं आणि भुकेनं. पंगत बसत होती. आमच्याकडे प्रसादाला नाही म्हणणं पाप. इथं तर कोणी विचारण्याचीही मी वाट पाहिली नाही. बसलो, परातीतला जाडजूड रोट उचलला आणि घास तोंडात घातला.

अक्काचा वाढता हात थांबला. "कोना पोऱ्या शे हाऊ?"

"विजेवाल्यांचा," मी भरल्या तोंडानं म्हणालो.

सगळी पंगत माझ्याकडे वळली. कानबाईचा रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्यानं नाही, हे सगळ्या खानदेशाला माहीत होतं. राजापूरला कळवायचं राहिलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं ते मला कानात सांगितलं आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांपुढे दुसरा बल्ब पेटला.

नानांनी बराच विचार केला. "खादा ना रोट? मंग आते हाऊ आपला भाऊबंद."

अक्काचा जीव भांड्यात पडला, माझाही. तेवढ्यात काका परतले आणि त्यांनी दर सांगायला तोंड उघडलं.

"पैसा?" नाना हसले. "भाऊना घर भाऊ काम करस, त्याना पैसा कसाना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बल्बकडे पाहिलं.

गल्लीभर शब्द देऊन झाला होता आणि काका शब्द मोडणारे नव्हते. दसऱ्यापर्यंत आम्ही घरामागून घर उजळत गेलो. तारा आमच्या, बटणं आमची, घाम आमचा. जेवू मात्र पोटभर घालत आणि निघताना पिशवीभर गिलकी, म्हणजे आमच्याकडची घोसाळी, देत. आत्यानं गिलक्यांची भाजी केली, भजी केली, भरीत केलं, शेवटी गिलकी दिसली की ती देवघरात जाऊन बसे.

दिवाळीआधी पाटी उतरली. काका शिडीवर, मी खाली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी मला राजापूरलाही धाडलं नाही; गिरणीत आपल्याच हाताखाली लावून घेतलं. ते उपकार अजून फिटलेले नाहीत.

"एवढा महागाचा रोट," शिडीवरून ते म्हणाले, "लागला कसा?"

"चव कळली नाही, काका. ठसक्याबरोबर घास बाहेर पडला, तो नानांच्या मांजरानं खाल्ला."

काका शिडीवरच बसले. खरंच आहे, भाऊबंद झालं होतं ते मांजर. मी आपला उगाच गावभर तारा ओढत फिरलो.