बंडूजींच्या ठेल्यावरचा प्रकल्प

पवनार रोडवरचं ते कम्युनिटी कॉलेज सात वर्षांचं आणि त्याच्या फाटकासमोरचा बंडूजींचा तर्री-पोह्यांचा ठेला चौदा वर्षांचा. म्हणजे कोण कोणाच्या दारात आलं, ते तुम्हीच ठरवा. आताशा मात्र दहातल्या नऊ प्लेटा कॉलेजच्या पोरापोरींच्याच जात. घर त्यावरच चालायचं.

पोहे काय, कोणीही करतं. गिऱ्हाईक यायचं ते तर्रीसाठी. चण्याची लालभडक तर्री, वरून हिरवागार सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि प्लेट चाटूनपुसून साफ. मसाला बंडूजी स्वतःच्या हातानं भाजत, अन् त्यात काय पडतं ते कोणाला सांगत नसत. सख्ख्या साळ्यानं दारू पाजून विचारलं, तरी माणूस बधला नाही.

त्यांची पोरगी सुरभी त्याच कॉलेजात वर्षभराच्या कोर्सला बसली. धंदा कसा उभारायचा, कसा चालवायचा आणि घरचा पैसा कसा सांभाळायचा, असं सगळं त्यात होतं. बंडूजी कोण खूश! संध्याकाळी पोरगी त्यांनाच शिकवायची. "बाबा, आधी बचत बाजूला काढायची, मग खर्च. तुम्ही उलटंच करून राह्यले."

"हाव का? मग हे तुह्या मायले सांग," म्हणून ते शोभाबाईंकडे बघून हसायचे.

दिवाळीनंतर वर्गाला प्रकल्प मिळाला. चालता धंदा निवडा, त्याच्या जमेच्या बाजू लिहा, उणिवा लिहा. सुरभीनं बापाचा ठेला निवडला. चार दिवस वही घेऊन बसली. बंडूजींनी सगळं सांगितलं, मसाला सोडून. "तो तुले बी नाई सांगत. माह्या मागं तुह्याच हाती देईन, पण आता नाई." सुरभीनं तेही लिहून घेतलं.

प्रकल्प जमा झाला आणि आठवड्याभरात साकेत सर, म्हणजे कोर्सचे मास्तर, ठेल्यावर हजर. "बंडूजी सर, आमच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला याल का?"

बंडूजी सर! चौदा वर्षं 'ओ काका, तर्री वाढा' याखेरीज काही ऐकलं नव्हतं त्या माणसानं. शोभाबाईंनी शर्टाला इस्त्री केली. कॉलेजात शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या. बंडूजी तासभर बोलले, आणि खरंच चांगलं बोलले. मग साकेत सरांनी हळूच विषय काढला. "सर, चवीचं गुपित एवढं सांगाच. ज्ञान दिल्यानं वाढतं." हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस खाली कशाला बघतो? बंडूजींनी खोबरं किती भाजायचं, कलमी म्हणजे दालचिनी किती, काय शेवटी टाकायचं, सगळं सांगितलं. पोरं भराभर लिहून घेत होती. सुरभी तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. लाजली असेल, असं त्यांना वाटलं.

कॉलेजात मुलांनी चालवायचं एक विक्री केंद्र होतं. तिथं फिनाइल आणि मेणबत्त्या वर्षभर धूळ खात पडल्या होत्या. पंधरा दिवसांत तिथं तर्री-पोहे सुरू झाले. जागा कॉलेजची, गॅस कॉलेजचा, राबायला पोरं फुकट. प्लेट पाच रुपयांनी स्वस्त. वर नोटीस लागली, मधल्या सुटीत फाटकाबाहेर जायचं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पहिल्या दिवशी बंडूजींनी अर्धं पातेलं घरी परत आणलं, तिसऱ्या दिवशी भरलेलं.

ते साकेत सरांकडे गेले. "सर, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"बंडूजी, स्पर्धा निरोगी असते. आणि शेवटी मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे." नावामागचा 'सर' कधीच गळून पडला होता.

त्या संध्याकाळी सुरभीनं तपासून आलेली प्रकल्पाची फाइल बापापुढे ठेवली आणि रडायला लागली. शेवटच्या पानावर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'उणीव: मालक मानाचे भुकेले आहेत. कोणी आदरानं बोललं की जवळचं काहीही देऊन टाकतात.' त्याखाली लाल पेनानं दोन रेघा. शेजारी शेरा, 'उत्तम निरीक्षण'. वीसपैकी अठरा.

"बाबा, मी मायेनं लिहिलं होतं. तुम्ही गोड बोलणाऱ्याले फुकट प्लेटा देता ना, त्याच्यावरून."

बंडूजींनी ते दोनदा वाचलं. "सरानं याच्यासाठीच बोलावलं, हे तुले कवा समजलं?"

"तुम्ही वर्गात बोलत होते तेव्हा."

"मंग थांबवलं काऊन नाई?"

"सगळे टाळ्या वाजवून राह्यले होते, बाबा. तुम्ही इतके खूश होते."

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पोरीला वाटलं. बंडूजींनी हातसुद्धा उचलला नाही. ती म्हणाली, उद्यापासून जात नाही कॉलेजात. ते म्हणाले, "जाजो. फी भरली हाय, पुरं शिक. फक्त मले आता काही विचारू नको."

ठेला आता बसस्टँडच्या मागं लागतो. तिथं आधीचे तिघं आहेत, धंदा जेमतेम. सुरभी रोज रात्री ताट वाढते अन् विचारते, "बाबा, अजून पोळी वाढू का?"

बंडूजी शोभाबाईंकडे बघून सांगतात, "तिले सांग, नको म्हणून."