कपाळावरचा कोळसा

सत्तरच्या दशकात कडेगावजवळच्या सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो आणि अंगाऱ्याचा मला भयंकर राग होता. पेशंट आधी देवळात जायचे, मग माझ्याकडे. एका सकाळी ऊस तोडताना कोयता लागलेली बाई बैलगाडीतून आली. शुद्ध नव्हती. मांडीला धोतराची पट्टी करकचून आवळलेली आणि कपाळावर काळे फराटे.

"हिचा जीव चाललाय आणि तुम्ही अंगारा लावत बसलात?" असं ओरडून मी स्पिरिटचा बोळा उचलला.

गाडी हाकत आलेल्या माणसानं माझं मनगट धरलं. पन्नाशीचा, विटक्या खाकी स्वेटरातला.

"आवं डाक्टरसाब, पुसू नगा. अंगारा न्हाई, टाइम हाय. पट्टी कवा आवळली त्ये लिवलंय. पलटणीत जखमी बेशुद्ध पडला, की आमी त्याच्या कपाळाला इचारायचो."

वाकून पाहिलं. चुलीतल्या कोळशानं लिहिलं होतं, ८-१०. घड्याळात दहाला पाच कमी होते, म्हणजे पट्टी आवळून पावणेदोन तास झाले होते. पट्टी आणखी फार वेळ राहिली असती तर पायच गेला असता. केसपेपर बाजूला सारून मी आधी तुटलेली शीर बांधली, मग पट्टी सोडली. हळूहळू तिचं पाऊल कोमट झालं.

बाहेर आलो तेव्हा तो बैल जुंपत होता. मी हात जोडले. त्यानं खाडकन सलाम ठोकला.

तेव्हापासून पेशंटच्या कपाळावर काही दिसलं, की मी आधी वाकून वाचतो. बहुतेकदा तो अंगाराच असतो. पण आता तोही मी पुसत नाही.