राइसची वंशावळ आणि माझं ओलं धान

करडी गावच्या धानगिरणीवरचा माणूस कुणाचंही पोतं उघडलं की आधी एक दाणा दाताखाली धरतो, डोळे मिटतो आणि मग निकाल देतो. यंदा माझं वर्षभराच्या तांदळाचं धान तो असं चावत होता, तेव्हा माझ्यातला इंग्रजीचा निवृत्त मास्तर जागा झाला. राइस हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, त्याआधी तो लॅटिनमध्ये, त्याआधी ग्रीकमध्ये होता, आणि मुळात तो आपल्या संस्कृत व्रीहिचा भाऊबंद असावा, हे मी त्याला चांगली पंधरा मिनिटं समजावलं.

"एवढे देश फिरला, तं तुमचा शब्द वाळला असन," तो म्हणाला. "धान वल्लं हाये, गुरुजी. आता भरडलं तं दाणा तुटन, सालभर कणीच खा लागन."

"मी सांगतो ना, भरडा!" मी तोऱ्यात म्हणालो.

त्याने गिरणी बंद केली, माझी पोती अंगणात ओढली आणि धान उन्हात पसरलं. मी कडेला उभा राहून ग्रीकांचं उरलेलं सांगत होतो.

"चपला काढा अन् पायानं धान खालवर करा, गुरुजी," तो म्हणाला. "तोंड चालू राहू द्या."