घोडीचं गिऱ्हाईक

आयर्लंडमधल्या कंत्राटी डॉक्टरांची दर सहा महिन्यांनी बदली होते. माझ्या ओळखीचे पुण्याचे एक भूलतज्ज्ञ त्यामुळे घरच घेत नसत. बायको, दोन कुत्री आणि मागच्या ट्रेलरमध्ये घोडी, असं बिऱ्हाड घेऊन ते कॅम्परव्हॅननं गावोगाव जात. २०११मध्ये त्यांना टॅला या शहरी भागातल्या इस्पितळात कायमची नोकरी मिळाली. तिथं कुरण नव्हतं, म्हणून आधीच्या नेमणुकीवर, मलिंगार गावी असतानाच त्यांनी घोडी विकायला काढली.

गिऱ्हाईक आलं. डॉक्टरांनी त्याला कुरण, तबेला, सोबतीचा घोडा, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "किती दिवस ठेवणार?"

"घोडी ग्रँड आहे. सहा महिन्यांत पुढे विकेन."

"मग नाही द्यायची."

त्याच दुपारी त्यांनी टॅलाच्या नोकरीला नकार कळवला. वहिनी मला म्हणाल्या, "लग्नाआधी माझ्या बाबांनी यांची इतकी चौकशी करायला हवी होती."