बटण चालू होतं

शिवलिंग, आमचा शिवा, केजच्या बाजारातला घड्याळजी, माझा मित्र. त्याच्या उजव्या डोळ्याचा गुन्हेगार मी आहे. दोन वर्षांपूर्वी, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, त्याच्याच दुकानात. हे मी आजवर कुणालाही बोललो नाही. पत्रकं मात्र लिहीत राहिलो!

कसली पत्रकं? अंधश्रद्धेच्या विरोधातली. बुवा 'सिद्धी' म्हणून जे दाखवतात ते आम्ही भर बाजारात करून दाखवायचो आणि मग त्यातली लबाडी उघडी पाडायचो. धारूरच्या बाजारात मला दहा पावलांवरून, हात न लावता, काळा फुगा फोडायचा होता.

औरंगाबादच्या भंगारातून तीन बिघडलेले सीडी रायटर आणले. त्यांत इवलासा लेझर डायोड असतो. त्याचा उजेड पसरत निघतो. पुढं भिंग बसवून, ते स्क्रूसारख्या आट्यांवर केसभर मागं-पुढं फिरवून, किरण सरळ करावा लागतो; तेव्हा कुठं तो लांबचा काळा फुगा तापवून फोडतो. इतका स्थिर हात केजात एकाचाच. शिवानं पितळी नळीला आटे पाडून दिले. वर म्हणाला, "फुगा न्हाई फुटला तर तुलाच फोडतो बे."

पहिले दोन डायोड बटण दाबताक्षणी जळाले. तिसरा जगला. पुन्हा बटण दाबताना हाही जळेल, म्हणून मी ठरवलं — किरण जुळेपर्यंत हा बंद करायचाच नाही.

पण भिंतीवरचा ठिपका गोळा होईना. एका बाजूला शेपटी सुटायची. शिवा म्हणाला, "आत धूळ हाय. भिंग काढून बघतो. बंद केलास का?"

"केला."

केला नव्हता. आणि विसरलोही नव्हतो — कळतंय ना तुम्हाला? मला माहीत होतं! तो उजेड जेमतेम लालसर दिसतो, उन्हात तर दिसतच नाही. मंद दिसतो म्हणजे जोर कमी, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग फुगा कशानं फुटणार होता रे?

शिवानं नळी दारातल्या उन्हात धरली, पुढचं भिंग काढलं आणि सवयीनं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं. त्या भिंगानं सगळा उजेड गोळा करून डोळ्यात ओतला. तो मागं सरकला. "मधोमध काळा डाग दिसायलाय बे."

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी विचारलं, कशाकडं बघितलं होतं? शिवानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो — कशाकडंच नाही. सगळं बंद होतं.

डाग गेला नाही. त्याची आई म्हणाली, "तुमच्या नादी लागून देवाला नावं ठेवली, म्हनून कोप झाला." आणि कोप नावाची गोष्टच नसते असं चौकाचौकात ओरडणारा मी — गप्प! का? तो कोप मला सोयीचा होता. बुवांना लुच्चे म्हणतो मी. कोणत्या तोंडानं?

शिवा आता सोमवार धरतो. देवाची माफी मागतो — माझ्या खोट्याची! बारीक काम त्याला जमत नाही. पट्टे बदलतो, सेल बदलतो.

हे पत्रक मी उद्या सकाळी अकराला त्याच्या दुकानाच्या पायरीवर, त्याच्या आईसमोर, मोठ्यानं वाचणार आहे. तुम्ही या. माझा आवाज मध्येच बसला, तर कागद माझ्या हातातून हिसकावून घ्या आणि शेवटपर्यंत वाचा.