अण्णांच्या स्टिकचं सूत

मंडळी, तालमीच्या या फळ्यावर मी एरवी आपल्या हॉकी संघातली नावं लिहितो. आज मनातलं लिहितोय.

सकाळी कॅम्पात गोऱ्या पलटणीशी सामना होता. जिंकायचंच म्हणून मी गुडघे दुखणाऱ्या, पण मुरलेल्या अण्णांना घेतलं आणि नवख्या दत्तूला बसवलं.

खेळ सुरू होणार, तेवढ्यात अण्णांनी आपल्या स्टिकच्या मुठीवरचं सूत सोडलं आणि दत्तूच्या स्टिकला गुंडाळून त्याला आपल्या जागी मैदानात धाडलं.

"अण्णा, हरू की वो!" मी ओरडलो.

"हरू दे रं. जुना ताणा मागावर हाय तवरच नवा सांधायचा असतो. इणकर न्हवं आपण?"

हरलो. परतताना आपल्या वडगावापर्यंत अण्णा दत्तूला मनगट वळवून दाखवत आले.

आता फळ्यावर दत्तूचं नाव लिहिलंय. अण्णांचं पुसायला मात्र हात धजत नाही. तुमच्यापैकी कुणी पुसेल का?